उंदरांचा विषाणू, आईचं दूध आणि स्तनाचा कर्करोग

काही महिन्यांपूर्वी एक तरुण आई दवाखान्यात आली. सोबत सासूबाई आणि साडेतीन महिन्यांची मुलगी. बाळाचं पोट सारखं बिघडत होतं आणि वजन नीट वाढत नव्हतं. विचारत गेले तेव्हा कळलं, की महिनाभरापूर्वी हिने अंगावरचं दूध बंद केलं होतं आणि बाळ पावडरच्या दुधावर होतं.

"दूध कमी पडत होतं का?" मी विचारलं.

"नाही डॉक्टर, भरपूर येत होतं," ती म्हणाली आणि मोबाइल माझ्यापुढे केला. व्हॉट्सॲपवर फिरणारा एक लांबलचक मेसेज होता. स्तनाचा कर्करोग विषाणूमुळे होतो, तो विषाणू उंदरांकडून येतो, आईच्या दुधातून मुलीकडे जातो, आणि शास्त्रज्ञांनी हे कधीच सिद्ध केलं असूनही लोकांपासून दडवून ठेवलं आहे, असा मजकूर होता. हिच्या आईला सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. त्या काकू माझ्याच पेशंट. ऑपरेशन, केमो सगळं झालं, आता बऱ्या आहेत.

"आईकडून माझ्यात आलं असेल तर असू दे. पण माझ्याकडून हिच्यात नको जायला," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले.

मेसेज साफ खोटा असता तर माझं काम सोपं होतं. पण तो तसा नव्हता. त्यात एक खरी गोष्ट होती आणि तिच्या आधाराने तीन चुकीच्या गोष्टी उभ्या केल्या होत्या. म्हणून हा विषय मुळापासून सांगावा असं वाटलं. माझं मत आधीच सांगून टाकते: उंदरांच्या या विषाणूचा माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाशी संबंध आहे हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही, आणि माझ्या मते तो प्रमुख कारण असण्याची शक्यता कमी आहे. तरीही हे संशोधन निरर्थक नाही आणि ते चालू राहिलं पाहिजे. मात्र त्यावरून कोणत्याही आईने बाळाचं दूध तोडू नये.

खरी गोष्ट: बिटनर यांचे उंदीर

अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन लॅबोरेटरीत १९३०च्या दशकात उंदरांच्या वेगवेगळ्या शुद्ध जाती पाळल्या जात. काही जातींत बहुतेक माद्यांना स्तनाच्या गाठी होत, तर काही जातींत क्वचितच. हे सगळं आनुवंशिक असणार असाच सर्वसाधारण समज होता. पण दोन जातींचा संकर केला तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. आई गाठी होणाऱ्या जातीची असेल तर मुलींना गाठी होत. बाप त्या जातीचा आणि आई दुसऱ्या जातीची असेल तर गाठी कमी होत. जनुकं तर आई आणि बाप दोघांकडून येतात, मग हा फरक का? १९३३ साली या प्रयोगशाळेने हे निरीक्षण प्रसिद्ध केलं.

तिथलेच जॉन बिटनर यांनी पुढचा साधा पण महत्त्वाचा प्रयोग केला. गाठी होणाऱ्या जातीची पिल्लं जन्मताच आईपासून काढून गाठी न होणाऱ्या जातीच्या दूधआईला लावली. या पिल्लांमध्ये मोठेपणी कर्करोगाचं प्रमाण खूपच घटलं. म्हणजे कर्करोगाला कारणीभूत होणारं काहीतरी आईच्या दुधात होतं. १९३६ साली बिटनर यांनी हे छापलं. ते त्याला विषाणू न म्हणता 'दुधातला घटक' असं मोघम नाव देत. विषाणूंमुळे कर्करोग होतो हे त्या काळी फारसं कोणाला पटत नव्हतं. पेटन राउस यांनी कोंबड्यांमधला कर्करोगाचा विषाणू १९११ साली दाखवला होता, पण त्यांना नोबेल मिळायला १९६६ उजाडलं!

पुढे हा 'दुधातला घटक' म्हणजे विषाणूच असल्याचं सिद्ध झालं. त्याचं नाव माउस मॅमरी ट्यूमर व्हायरस, म्हणजे उंदरांच्या स्तनातल्या गाठींचा विषाणू. संक्षेपाने एमएमटीव्ही.

हा विषाणू नेमकं करतो काय?

एमएमटीव्ही हा रेट्रोव्हायरस आहे. एचआयव्हीही याच मोठ्या कुटुंबातला, पण दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. रेट्रोव्हायरस पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएपासून डीएनए तयार करतो आणि तो डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये कायमचा घुसवतो. नंतर ती पेशी विभागली की विषाणूची नक्कलही सोबत जाते.

उंदराचं पिल्लू दूध पितं तेव्हा विषाणू आतड्याच्या भिंतीतल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये शिरतो. त्या पेशींवर स्वार होऊन तो स्तनग्रंथीपर्यंत पोचतो आणि तिथे दबा धरून बसतो. त्याच्या डीएनएमध्ये हार्मोनला प्रतिसाद देणारा एक भाग असतो. त्यामुळे गरोदरपणात आणि दूध पाजण्याच्या काळात विषाणूची वाढ जोरात होते आणि तो दुधात उतरतो. असा त्याचा पिढ्यान्‌पिढ्या प्रवास चालतो.

मग कर्करोग कसा होतो? विषाणूचा डीएनए कुठेही घुसू शकतो. कधी तो पेशीच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या एखाद्या जनुकाच्या शेजारी जाऊन बसतो आणि झोपलेलं जनुक जागं करतो. घराच्या वायरिंगमध्ये कोणी चुकीच्या जागी तार जोडली, की बटण बंद असूनही दिवा जळत राहतो, तसं. १९८२ साली रूल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी असं एक जनुक शोधून काढलं. आज ते डब्ल्यूएनटी-१ या नावाने ओळखलं जातं. या जनुकाच्या कुटुंबाचा संबंध पुढे गर्भाच्या वाढीशी आणि माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशीही लागला. म्हणजे उंदराच्या या विषाणूने कर्करोगशास्त्राला खूप काही शिकवलं. माणसात तो स्वतः काही करतो की नाही, हा प्रश्न वेगळा.

मुंबईचा धागा

या कथेत आपली मुंबईही आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उंदरांच्या स्तनग्रंथी, हार्मोन आणि कर्करोगाचे विषाणू या विषयावर अनेक वर्षं काम केलं. स्तनाच्या गाठी मोठ्या प्रमाणात होणारी उंदरांची एक जात या संस्थेच्याच नावाने जगभर ओळखली गेली. रणदिवे यांना १९८२ साली पद्मभूषण मिळालं.

१९७१ साली 'नेचर' या नियतकालिकात एक निबंध आला. अमेरिकेतले डॅन मूर आणि सहकारी यांच्यासोबत त्यावर मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट आणि डॉ. पेमास्टर यांचीही नावं होती. मुंबईच्या पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आणि लग्नं बहुतेक समाजातच होत. म्हणून पारशी स्त्रियांचं दूध इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासलं गेलं. काही नमुन्यांत उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण सापडले. जगभर खळबळ उडाली. उंदरात घडतं तेच माणसात घडतं की काय?

पण दिसायला सारखं म्हणजे तेच, असं नसतं. असे कण कर्करोगाचा इतिहास नसलेल्या स्त्रियांच्या दुधातही आढळत होते. त्या कणांमुळे कर्करोग होतो हे कोणालाही दाखवता आलं नाही आणि हा धागा तिथेच सुटला.

१९९५ : प्रश्न पुन्हा उघडला

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई इथल्या डॉ. बिअट्रिझ पोगो यांच्या गटाने १९९५ साली पीसीआर वापरून माणसांच्या गाठी तपासल्या. कोविडमुळे पीसीआर हा शब्द आता घराघरात माहीत आहे. डीएनएचा अगदी सूक्ष्म तुकडा असला तरी त्याच्या कोट्यवधी प्रती काढून तो दाखवणारी ही चाचणी. या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या ३१४ गाठी तपासल्या. त्यांतल्या सुमारे ३८ टक्के गाठींत एमएमटीव्हीच्या एका जनुकासारखा तुकडा सापडला. निरोगी स्तनांच्या नमुन्यांत तो जेमतेम २ टक्क्यांत होता.

हा फरक मोठा आहे. कोणत्याही डॉक्टरने कान टवकारावेत असा. त्यानंतर ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, ट्युनिशिया अशा अनेक देशांतून असे निष्कर्ष आले. व्हिएन्नातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या स्तनपेशींना हा विषाणू लागू शकतो, असंही दाखवलं.

त्याच वेळी ब्रिटन, स्वीडन, जपान, इराण इथल्या गटांनी शोधलं, तर त्यांना काहीच सापडलं नाही. एका ठिकाणी दहापैकी चार गाठींत, दुसऱ्या ठिकाणी शंभरात एकही नाही. गेली तीस वर्षं हे असंच चाललं आहे.

इतका फरक का पडतो?

पीसीआरचा मोठा गुण हाच तिचा दोष. ती इतकी संवेदनशील आहे, की उंदराच्या डीएनएचा कणभर अंश कुठूनही आला तरी ती 'सापडलं' म्हणते. आणि प्रयोगशाळांमध्ये उंदीर सगळीकडे असतात! पिंजऱ्यात असतात, उंदरांपासून बनवलेल्या रसायनांत असतात, शेजारच्या टेबलावरच्या पेशींत असतात. उंदरांच्या स्वतःच्या डीएनएमध्येही या विषाणूच्या प्रती वंशपरंपरेने असतात. म्हणजे उंदराचा डीएनए मिसळला की विषाणू आपोआप 'सापडतो'. चांगले संशोधक या भेसळीची वेगळी तपासणी करतात, पण सगळेच सारख्या काटेकोरपणे करतात असं नाही.

दुसरी अडचण आपल्याच शरीरात आहे. माणसाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग हा लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांमध्ये घुसलेल्या रेट्रोव्हायरसचे अवशेष आहे. त्यांतले काही एमएमटीव्हीचे दूरचे नातेवाईक. त्यामुळे चाचणी नीट आखली नाही तर घरचाच माणूस चोर म्हणून पकडला जाण्याची भीती असते.

हे नुसतं सैद्धांतिक नाही. एक्सएमआरव्ही नावाच्या विषाणूची गोष्ट आठवा. उंदराच्या विषाणूशी नातं असलेला हा विषाणू २००६ साली प्रोस्टेटच्या कर्करोगात सापडल्याचं जाहीर झालं. २००९ साली 'सायन्स' नियतकालिकात तो दीर्घकालीन थकव्याच्या आजाराशीही जोडला गेला. वर्षानुवर्षं 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असं ऐकलेल्या पेशंटना वाटलं, चला, कारण सापडलं. काहींनी एचआयव्हीवरची औषधं सुरू केली. अमेरिकेत या आजाराच्या लोकांनी रक्तदान करू नये अशी सूचना निघाली. आणि मग कळलं, की हा विषाणू प्रयोगशाळेतच जन्मला होता. १९९०च्या दशकात माणसाच्या प्रोस्टेटच्या गाठीच्या पेशी उंदरांमध्ये वाढवताना उंदरांच्या दोन विषाणूंचे तुकडे जोडले जाऊन तो तयार झाला होता. पेशंटच्या नमुन्यांत दिसत होती ती भेसळ. २०११ साली 'सायन्स'ने तो निबंध मागे घेतला. त्या पेशंटचं काय झालं असेल, याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

मला अजून का पटलेलं नाही

भेसळीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी काही गोष्टी माझ्या मनात अडतात.

पहिली गोष्ट. विषाणूंमुळे होणारे कर्करोग रोगप्रतिकारशक्ती कमी झाली की वाढतात. एचआयव्ही असलेल्या लोकांत कपोसी सार्कोमा, काही लिम्फोमा, गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. मूत्रपिंड बदललेल्या पेशंटमध्येही हेच दिसतं. स्तनाचा कर्करोग मात्र या दोन्ही गटांत वाढलेला दिसत नाही. तो विषाणूचा आजार असता तर असं का व्हावं?

दुसरी गोष्ट. हा विषाणू पेशीच्या डीएनएमध्ये घुसून कर्करोग करतो. म्हणजे गाठीतल्या पेशी-पेशीत त्याच जागी त्याचा ठसा हवा. आता हजारो गाठींचा सगळा जनुकीय मजकूर वाचून झाला आहे. गर्भाशयमुखाच्या गाठींत एचपीव्ही आणि यकृताच्या गाठींत हेपॅटायटिस बी त्या वाचनात अपेक्षेप्रमाणे उठून दिसले. स्तनाच्या गाठींत उंदराच्या विषाणूचा तसा ठळक, सातत्याने दिसणारा ठसा मिळालेला नाही.

तिसरी गोष्ट, हा विषाणू माणसात येतो कुठून? २०००च्या सुमारास एक निबंध आला होता. घरात राहणाऱ्या उंदरांची पश्चिम युरोपातली एक उपजात जिथे जिथे पसरली, त्या देशांत स्तनाचा कर्करोग जास्त आहे, असं त्यात मांडलं होतं. वाचायला आकर्षक आहे. पण ते देश श्रीमंतही आहेत. तिथे मुलं कमी आणि उशिरा होतात, वजन जास्त, दारू जास्त, पाळी गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्यांचा वापर जास्त. ज्यांच्या घरी एसी आहे त्यांच्यात मधुमेह जास्त दिसला म्हणून एसीने साखर वाढते असं आपण म्हणत नाही. दोन गोष्टी शेजारी दिसणं आणि एकीमुळे दुसरी होणं यांत फार अंतर आहे.

तरीही दार बंद करू नये

आता दुसरी बाजू. 'विषाणू दुधातून जाईल आणि कर्करोग करेल' ही कल्पनाच वेडगळ आहे असं म्हणणारे माझे काही सहकारी आहेत. ते चुकतात. एचटीएलव्ही-१ हा माणसाचाच रेट्रोव्हायरस आहे. तो आईच्या दुधातून बाळात जातो आणि कित्येक दशकांनी काहींना रक्ताचा कर्करोग करतो. जपानच्या नैऋत्य भागात तो बऱ्यापैकी आढळतो आणि तिथे गरोदर स्त्रियांची त्यासाठी तपासणी होते. म्हणजे निसर्गात असं घडू शकतं.

हॅराल्ड झुर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्हीमुळे होतो असं म्हटलं, तेव्हा त्यांच्यावरही फार कोणी विश्वास ठेवला नव्हता. १९८३ साली त्यांनी एचपीव्ही-१६ शोधला, २००६ साली लस आली आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणून उंदराच्या विषाणूवर काम करणाऱ्यांची चेष्टा करू नये. अनेक प्रयोगशाळांनी तेच नमुने, त्यांची ओळख झाकून, एकाच पद्धतीने तपासले तर बऱ्याच वादाचा निकाल लागेल. तोपर्यंत 'अजून ठरलेलं नाही' हेच प्रामाणिक उत्तर आहे. पेशंटला ते अपुरं वाटतं हे मला कळतं. पण डॉक्टरने खोटी खात्री देण्यापेक्षा ते बरं.

आईच्या दुधाचं काय?

इथे मात्र उत्तर ठरलेलं आहे, आणि ते दिलासा देणारं आहे.

स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत दूध पाजणं आईचं रक्षण करतं. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये विश्लेषण आलं. दर बारा महिने दूध पाजण्यामागे आईचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं. प्रत्येक बाळंतपणामागे मिळणारं संरक्षण आणखी वेगळं.

आणि दूध पिणाऱ्या मुलीचं काय? लहानपणी आईचं दूध प्यायलेल्या आणि न प्यायलेल्या स्त्रियांची तुलना अनेक अभ्यासांत झाली आहे. दूध प्यायल्याने मुलीचा धोका वाढतो असं त्यांतून दिसलेलं नाही. बिटनर यांच्या उंदरांसारखं माणसात घडत असतं तर ते इथे दिसायलाच हवं होतं. एवढा एक पुरावा मेसेजमधल्या सगळ्यात घातक वाक्याला पुरेसा आहे.

दूध तोडल्याचं नुकसान मात्र लगेच दिसतं. जुलाब, न्यूमोनिया, कानाचे संसर्ग, कुपोषण. उंदराच्या पिल्लाला दूधआई मिळाली होती. आपल्याकडे बाटली मिळते, आणि ती उकळायला प्रत्येक घरी वेळ आणि स्वच्छ पाणी असतंच असं नाही.

आईला कर्करोग झाला असेल तर मुलीने जपायला हवं हे खरं आहे, पण त्याचं कारण दूध नाही. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्के आनुवंशिक असतात, बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यांतली ओळखीची जनुकं. ती आईकडून येतात तशीच बापाकडूनही येतात. आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यात कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर जनुकीय तपासणीबद्दल तज्ज्ञांचा सल्ला घ्या. उंदराच्या विषाणूची मात्र कोणतीही मान्यताप्राप्त तपासणी नाही, लस नाही, औषध नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका.

सिद्ध झालेले विषाणू आपल्याला का आठवत नाहीत?

सगळ्यात जास्त मला हे खुपतं. न ठरलेल्या विषाणूच्या भीतीने आपण बाळाचं दूध तोडतो. पण ज्यांचा गुन्हा पूर्ण सिद्ध झाला आहे, त्या विषाणूंसाठी हातात असलेली लस घेत नाही.

एचपीव्हीमुळे होणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतात २०२२ साली सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना झाला असा अंदाज आहे. त्यावर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली भारतीय लसही २०२३ पासून बाजारात आहे. माझ्याकडे येणाऱ्या किती आयांनी आपल्या मुलींना ती दिली? हेपॅटायटिस बीची लस बाळांना सरकारी कार्यक्रमात फुकट मिळते, पण घरातल्या मोठ्या माणसांची तपासणी कोणी करत नाही. व्हॉट्सॲपवर मात्र या विषाणूंचे मेसेज फारसे फिरत नाहीत. कारण त्यात दडवलेलं असं काही नाही!

मग तुम्ही काय करायचं?

भारतात २०२२ साली सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. इतक्या स्त्रिया जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे आपण उशिरा येतो. "दुखत नव्हतं म्हणून दाखवलं नाही," हे वाक्य मी तीस वर्षं ऐकते आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा.

मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ साली एक मोठा प्रयोग सुरू केला. वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. अर्ध्या भागांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत. मॅमोग्राफी नाही, महागडं यंत्र नाही. वीस वर्षांनी, २०२१ साली निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

म्हणून माझं सांगणं एवढंच:

- स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.
- दूध पाजत असताना झालेली गाठ दुधाचीच असेल असं समजून थांबू नका. दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी करून घ्या.
- तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात स्तनांची तपासणी करून मिळते. ती करून घ्यायला लाजू नका. मॅमोग्राफी कधीपासून आणि किती वर्षांनी, हे तुमचं वय आणि घरातला इतिहास पाहून डॉक्टर ठरवतील.
- वजन आटोक्यात ठेवा, रोज चाला, दारू टाळा. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.
- नऊ ते चौदा वयाच्या मुलींना एचपीव्हीची लस द्या.
- बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या, आणि नंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत पाजा.

त्या दिवशी मी त्या मुलीला बिटनर यांची गोष्ट सांगितली. दूधआईची गोष्ट ऐकून सासूबाईसुद्धा खुर्ची पुढे ओढून बसल्या. शेवटी तिने विचारलं, "पण डॉक्टर, आता महिना झाला, दूध परत येईल का?"

"येतं गं. बाळाला दिवसातून आठ-दहा वेळा अंगावर घे. ओढलं की येतं," मी म्हटलं. आणि तिला दूध पाजण्याबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. पहिले काही दिवस वरचं दूधही लागणार, घाबरू नकोस, असंही सांगितलं.

पाच आठवड्यांनी ती बाळाला घेऊन वजन करायला आली. निम्म्याहून जास्त दूध अंगावरचं सुरू झालं होतं आणि काटा वर सरकला होता. सोबत या वेळी तिची आईही होती. काकूंच्या वार्षिक तपासणीची तारीख उलटून गेली होती. ती चिठ्ठी मी त्याच दिवशी लिहून दिली.